तारेपासून क्रमांकापर्यंत : व्हीलॅनचा इतिहास

आसनगाव स्थानकातून लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या एकाच लोहमार्गाने जातात. गाडीची ओळख मार्गाने नव्हे, तर क्रमांकाने पटते. संगणक जाळ्यांतील व्हीलॅनचा इतिहास याच तत्त्वाचा इतिहास होय.

पूर्वी दोन विभागांची जाळी विलग ठेवण्यासाठी स्वतंत्र तारा व स्विच लागत. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकाने इथरनेटच्या चौकटीत ४ बाइटांची खूण घातली. तीतील १२ बिटे व्हीलॅनचा क्रमांक दर्शवितात. ० व ४०९५ राखीव असल्याने ४०९४ क्रमांक वापरता येतात.

२००१ मध्ये व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर आला. पुढे एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे नांदू लागली आणि स्विचही आज्ञावलीरूप झाला. आभासी स्विच बाहेर जाणाऱ्या चौकटीस खूण लावतो व आत येणाऱ्या चौकटीची खूण काढतो. बाहेरील स्विचच्या ट्रंक पोर्टवर तोच क्रमांक मान्य नसेल, तर संपर्क तुटतो. क्रमांकच चुकला, तर परीक्षा विभागाचे यंत्र विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेच्या जाळ्यात जाऊन बसते.

सारांश, विलगीकरण तारेतून आज्ञावलीत आले आणि खर्च घटला. परंतु तारेकडे पाहून कळणारी चूक आता डोळ्यांना दिसत नाही. म्हणून क्रमांकांची लेखी नोंद हा या तंत्राचाच भाग मानला पाहिजे.