पासवर्ड? तो ॲडमिनलाही ठाऊक नसतो!

युनिक्सच्या ॲडमिनला विचारा, "माझा पासवर्ड काय होता हो?" उत्तर ठरलेलं: "बदलून देतो, सांगता नाही येणार." लोकांना वाटतं, भाव खातोय लेकाचा. पण त्याला खरंच माहीत नसतो. मशीनलाही नसतो!

मंडळी, यामागे एक इतिहास आहे. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची सिस्टिम होती. सगळ्यांचे पासवर्ड एका फाईलमध्ये, जसेच्या तसे. एकदा एक ॲडमिन ती फाईल एडिट करत होता आणि दुसरा लॉगिनच्या वेळी दिसणारी सूचना. एडिटरची तात्पुरती फाईल दोघांना मिळून एकच. झाली अदलाबदल! जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्या गावाचे पासवर्ड.

म्हणजे फाईल नुसती लपवून भागत नाही. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवाल्यांनी उलटा विचार केला: फाईल खुशाल सगळ्यांना दिसू दे, तिच्यात पासवर्डच नको. लोक इथेच गोंधळतात. युनिक्स पासवर्ड 'एन्क्रिप्ट' करतं असं आपण म्हणतो, पण तिथे पासवर्ड हा पेटीतला ऐवज नसतो, तो किल्ली असतो. त्या किल्लीने एक ठरलेला मजकूर बंद करायचा आणि निकाल साठवायचा. लॉगिनच्या वेळी तेच पुन्हा करून निकाल जुळतो का बघायचं. उलट्या दिशेने रस्ताच नाही.

पहिला प्रयत्न दुसऱ्या महायुद्धातल्या एम-२०९ या सांकेतिक यंत्राची नक्कल होती. अडचण एकच, ती फार वेगवान होती! पीडीपी-११/७० वर एक पासवर्ड तपासायला १.२५ मिलिसेकंद. चोराला आणखी काय हवं? रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या लेखात ३,२८९ पासवर्डांचा हिशोब मांडला. ८६ टक्के एक तर फारच छोटे-सोपे होते, नाहीतर शब्दकोशातले. म्हणून नवीन क्रिप्ट मुद्दाम संथ केलं: डीईएस लागोपाठ २५ वेळा. वर १२ बिटांचं 'सॉल्ट', म्हणजे ४,०९६ प्रकारांपैकी एक चिमूट मीठ. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी निकाल सहसा वेगळा.

पुढे नेटवर्क आलं आणि दुखणी सुरू झाली. सन कंपनीने १९८५ च्या सुमारास 'यलो पेजेस' आणलं. नाव ब्रिटिश टेलिकॉमच्या मालकीचं निघाल्यामुळे ते एनआयएस झालं, पण कमांडच्या सुरुवातीचं 'वायपी' तसंच राहिलं. एकच यादी सगळ्या मशीन्सना. सोय झाली, पण 'वायपीकॅट पासवर्ड' म्हटलं की सगळ्यांचे हॅशही हातात.

१९९४ मध्ये फ्रीबीएसडीसाठी एमडी५ वाला क्रिप्ट आला आणि लिनक्सनेही तो उचलला. आता गंमत बघा. लिनक्सवर पासवर्ड बदलला की यादीत एमडी५ चा हॅश जायचा, आणि फक्त डीईएस जाणणारं जुनं युनिक्स तोच अचूक पासवर्ड नाकारायचं. युजर म्हणणार "बरोबर टाकतोय", आणि ते खरंच असायचं! अशा वेळी आधी हॅश बघायचा: १३ अक्षरी असेल तर डीईएस, डॉलर-एक-डॉलरने सुरू झाला तर एमडी५. दुसरी खूण: जुना क्रिप्ट फक्त पहिली ८ अक्षरं बघतो, नववं चुकलं तरी दार उघडतं.

थॉम्पसनचा स्वतःचा पासवर्ड? बीएसडीच्या जुन्या फाईलमधला त्याचा हॅश २०१९ मध्ये फुटला, तोही ग्राफिक्स कार्डाने चार दिवसांहून जास्त घाम गाळल्यावर. निघाली बुद्धिबळातली खेळी: वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे, बरोब्बर ८ अक्षरांत. मुद्दाम संथ केलेलं ते कुलूप चांगला पासवर्ड मिळाल्यावर सुमारे चाळीस वर्षं टिकलं. शब्दकोशातल्या शब्दाला मात्र कुठलंच कुलूप वाचवत नाही.