खेळ थांबविण्याचा अधिकार : व्हिडिओ गेमच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अंग

व्हिडिओ गेमचा इतिहास बहुधा यंत्रांच्या प्रगतीच्या अंगाने लिहिला जातो. खेळ संपवितो कोण, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. वास्तविक या माध्यमाचे अर्थकारण बऱ्याच अंशी त्याच प्रश्नाशी निगडित आहे.

नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या काळात हा अधिकार यंत्राकडे होता. तैतो कंपनीचा 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) खेळाडू हरेपर्यंत चालत राही. लवकर हरणारा खेळाडू अर्थातच यंत्रमालकाच्या फायद्याचा असे. अटारीच्या 'गाँटलेट'मध्ये (१९८५) तर खेळाडूची शक्ती केवळ वेळ गेल्यानेही घटे आणि नवे नाणे टाकल्यावर वाढे.

यंत्र घरात आले आणि नाण्याचे बंधन सुटले. परंतु वीज बंद होताच केलेली सारी प्रगती पुसली जात असल्याने दीर्घ कथानकाचा खेळ मध्येच सोडणे अवघड झाले. १९८६ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'ने यावर एक विलक्षण तोडगा काढला. थांबू इच्छिणाऱ्या खेळाडूने राजाकडे जावयाचे, राजाने २० अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगावयाचा आणि खेळाडूने तो कागदावर उतरवून घ्यावयाचा. १९८७ च्या दुसऱ्या भागात हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. उतरविताना एक अक्षर चुकले, तरी तो निरुपयोगी ठरे. कादंबरी मिटताना वाचकाला असे लेखनिक व्हावे लागत नाही! पुढे खेळाच्या कार्ट्रिजमध्येच बॅटरी बसवून प्रगती जतन होऊ लागली. तरीही 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या अमेरिकेतील आवृत्तीत (१९८७) यंत्र बंद करताना रीसेटचे बटण दाबून धरण्याची सूचना असे.

इंटरनेटवरील खेळांनी ही मोकळीक पुन्हा आक्रसली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये (२००४) खेळाडू निघून गेला तरी खेळातील जग चालूच राही. ४० जणांच्या मोहिमेतून मध्येच उठणे म्हणजे सहकाऱ्यांना तोंडघशी पाडणे होते. येथे थांबण्यातील अडसर यंत्राचा नव्हता, भिडेचा होता. विशेष म्हणजे, काही काळ विश्रांती घेऊन परतणाऱ्यास त्याच खेळात अधिक गुण मिळत. थांबण्यालाही बक्षीस द्यावे लागले.

त्यानंतर शासनसंस्था या व्यवहारात उतरली. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत ऑनलाइन खेळ बंद केले. मोबाइलवरील खेळ मात्र या कायद्यातून सुटले आणि मुले तिकडेच वळली. २०२२ च्या आरंभी तो रद्द झाला. चीनने सप्टेंबर २०२१ पासून अल्पवयीनांसाठी शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच अवधी मोकळा ठेवला.