तळटीप : ‘समाधी लागली’

१. समाधी लागली : नांदेड-लातूरकडे सप्ताहात कीर्तन ऐकता ऐकता कोणी खांबाला टेकून पेंगला की हे थट्टेने म्हणतात. मजकुरात मात्र शब्द शास्त्रार्थाने आला आहे. पतंजलींनी निद्रेला चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक मानले. उठल्यावर ‘छान झोप लागली’ असे आठवते, म्हणजे झोपेतही अभावाचा अनुभव देणारी वृत्ती होतीच, असा व्यासभाष्याचा युक्तिवाद. समाधीत वृत्ती आवरलेली असते; झोपेत ती तमाने झाकोळते. गौडपादांच्या मते सुषुप्तीत मन लीन होते, निग्रहात होत नाही. म्हणूनच वेदान्ती ‘लय’, म्हणजे डुलकी, समाधीचे विघ्न मानतात. झोपेत अज्ञान बीजरूपाने उरते. झोपी गेलेला अज्ञानी अज्ञानीच उठतो. लातूरला लागून असलेल्या अंबाजोगाईशी परंपरेने जोडलेल्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’मुळे हा अवस्थाविचार मराठीत आद्यकाळापासून रुळला. ओळखायची साधी खूण सप्ताहातच सापडते : पहाऱ्यावरच्या विणेकऱ्याला झोप आली की मान कलते, वीणा तिरपी होते, नामात रंगलेल्याची वीणा खांद्यावर सरळच राहते. – संपा.