मालकाच्या खुर्चीचा तास

बीबीए किंवा बीएमएसच्या मुलांना पदवी हातात पडेपर्यंत दोन गोष्टी सहसा चुकत नाहीत. एक स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंटचा पेपर आणि दुसरा प्रोजेक्ट रिपोर्ट, ज्याला मुंबईची मुलं त्याच्या काळ्या बांधणीवरून सरळ ‘ब्लॅक बुक’ म्हणतात. पेपरात कुठल्याशा कंपनीची पान-दीड पानाची हकिगत येते. खाली प्रश्न असतो, कंपनीने आता काय करावं? मुलं चार चौकोन आखतात आणि बलस्थानं, उणिवा, संधी, धोके भरायला लागतात. चौकोन भरले की मार्क मिळतात. कंपनीचं पुढे काय होतं, याची चौकशी सहसा कुणी करत नाही.

अमेरिकेत शेवटच्या वर्षातल्या अशा विषयाला कॅपस्टोन कोर्स म्हणतात. हिशेब, बाजार, माणसं, पैसा असं जे आधीच्या वर्षांत सुटं सुटं शिकवलं, ते शेवटी एकाच प्रश्नावर एकत्र लावून दाखवायचं, ही त्यामागची कल्पना. तिचं कूळ शोधत गेलं की माणूस एका मासिकाच्या प्रकाशकापाशी पोचतो.

आर्च शॉ हा शिकागोचा गृहस्थ. कचेरीतल्या फायलींची कपाटं वगैरे बनवणाऱ्या शॉ-वॉकर कंपनीचा एक संस्थापक आणि ‘सिस्टिम’ या व्यापारविषयक मासिकाचा प्रकाशक. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ साली सुरू झालं होतं. त्याचे पहिले डीन एडविन गे हे आर्थिक इतिहासाचे प्राध्यापक. धंदा वर्गात कसा शिकवायचा याची तयार पुस्तकं नव्हती, त्यामुळे गे यांना धंद्यातल्याच माणसाची गरज होती. १९११च्या सुमारास शॉ यांनी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बिझनेस पॉलिसी’ हा वर्ग सुरू केला.

त्यांची पद्धत साधी होती आणि आजही नवी वाटावी अशी होती. त्यांनी पंधरा उद्योजकांना राजी केलं. प्रत्येकाने तीन वेळा वर्गावर यायचं. पहिल्या तासाला आपल्या धंद्यातली अडचण मांडायची आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दोन दिवसांनी प्रत्येक मुलाने आपला लेखी निर्णय कारणांसह हातात द्यायचा. तिसऱ्या तासाला त्या उद्योजकाने ते कागद घेऊन मुलांशी चर्चा करायची. समोर बसलेला माणूस स्वतः अडलेला आहे आणि उद्या सकाळी त्याला काहीतरी ठरवायचंच आहे, ही त्या वर्गातली खरी गंमत. मुलांनी बसायचं ते थेट मालकाच्या खुर्चीत.

शॉ यांचा वर्ग भरण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, १९१० साली, औंध संस्थानात असाच एक निर्णय झाला. हार्वर्डला त्याची गंधवार्ता असण्याचं कारण नव्हतं. पण त्या वर्गासाठी याहून चांगला प्रश्न शोधूनही सापडला नसता.

लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा चाळिशीत होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेले. रंग नीट ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर यंत्रांच्या आराखड्यांकडे वळलेले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलेले. बेळगावात थोरले भाऊ रामूअण्णांबरोबर १८८८ साली त्यांनी सायकलींचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन विषारी होते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. मालाचा कुठे जम बसतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा सोडायला सांगितली.

औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधी नोव्हेंबर १९०९मध्ये गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, पुढे सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक. त्यांचं संस्थान नकाशावर सलगही नव्हतं. औंध आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, गुणदाळ थेट विजापूरकडे. या राजाने लक्ष्मणरावांना दहा हजार रुपये बिनव्याजी दिले आणि कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर जमीन दिली. जमीन कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात साप. १० मार्च १९१० रोजी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

आता हाच प्रश्न शॉ यांच्या वर्गात आणून बघावा. लक्ष्मणरावांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलासमोर पर्याय किती? बेळगावातच दुसरी जागा बघायची, मुंबई-पुण्याकडे जायचं, एखाद्या मोठ्या संस्थानाचं दार ठोठावायचं, नाहीतर कुंडल. कुंडलच्या बाजूने ठळक मुद्दा रेल्वेचा. पुणे-मिरज रेल्वेचं स्टेशन दारात, म्हणजे कच्चं लोखंड यायला आणि नांगर जायला वाट आहे. शिवाय ज्याच्याकडे परवानगी मागायची तोच माणूस जमीन देतोय, म्हणजे बेळगावसारखी नोटीस लगेच येणार नाही. विरोधात मात्र यादी लांब. वस्ती नाही, म्हणून कारागीर बाहेरून आणायचे, त्यांच्यासाठी घरं बांधायची, पाण्याची सोय करायची. थोडक्यात, नांगर विकून पैसे यायच्या आधी एक गाव वसवायचं. हिशेबाचा पेपर चांगला सोडवणारी मुलं इथेच कुंडलवर काट मारतील, आणि कागदावर ती चुकीची नसतील.

दुसरी खुर्ची राजाची, आणि ती जास्त अवघड आहे. गादीवर येऊन चार महिने झालेत. संस्थान लहान, बराचसा मुलूख माणदेशातला, पाऊस बेभरवशाचा. समोरच्या माणसाचा माल चांगला आहे, पण तो घ्यायला गिऱ्हाईक बिचकतंय. दहा हजार रुपये बुडाले तर ‘दरबाराने पैसा उधळला’ असं म्हणणारे कमी नसणार. बिनव्याजी का द्यायचे? त्याऐवजी भागीदारी का मागू नये? जमीन भाड्याने का नको? या प्रश्नांना एकच उत्तर नाही, म्हणून ते वर्गाच्या कामाचे. बाळासाहेबांचा कल पुढेही दिसला. १९१६ साली कराडजवळ सुरू झालेल्या ओगले काच कारखान्यालाही औंध संस्थानाने हात दिला, आणि त्या कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत उजेड केला.

चौकोनांच्या पद्धतीत न मावणारी एक बाब इथे नोंदवायला हवी. किर्लोस्करवाडीच्या रात्रीच्या राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेली माणसं नेमली. हे बलस्थानात लिहायचं की धोक्यात, याचं उत्तर गाइडात मिळत नाही.

तिकडे हार्वर्डमध्ये शॉ यांची पद्धत फार काळ मूळ रूपात राहिली नाही. उद्योजकांना तीन-तीनदा बोलावणं महागाचं आणि कटकटीचं काम. १९१९ साली वॉलेस डोनहॅम डीन झाले. ते कायद्याचे विद्यार्थी. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये जुने खटले वाचून, वाद घालून शिकायची रीत १८७० पासून चालत आलेली. तीच त्यांनी इकडे आणली. १९२१ साली क्लिंटन बिडल यांनी ‘जनरल शू कंपनी’ ही केस लिहिली. हार्वर्डची पहिली लिखित केस म्हणून तिचा उल्लेख होतो. जोड्यांच्या कारखान्यातले कामगार सुट्टीच्या पाऊण तास आधीच हात थांबवतात, असं का, एवढाच तिचा विषय. माणसाच्या जागी कागद आला. कागद कितीही वर्गांत वाटता येतो, हा त्याचा फायदा. पण कागदाला उलटा प्रश्न विचारता येत नाही, आणि त्यात काय सांगायचं राहिलं हे लिहिणाराच ठरवतो. आजच्या पेपरातली दीड पानी हकिगत ही या बदलाची वंशज आहे.

नेमक्या याच काळात किर्लोस्करवाडीचा एक मुलगा हार्वर्डच्याच गावात होता. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ ते १९२६ या काळात एमआयटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. एमआयटी आणि हार्वर्ड दोन्ही केंब्रिजमध्येच. धंद्याचा अभ्यासक्रम शेजारच्या वर्गांत आकार घेत होता आणि शंतनुराव यंत्रं शिकून परत आले. धंदा ते वाडीतच शिकले, आणि तो शिकायला तिथे काही कमी प्रसंग नव्हते. पहिल्या महायुद्धात परदेशी नांगर यायचे थांबले, मागणी वाढली, पण ओतायला लोखंड मिळेना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळून नांगर झाले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. शॉ मासिक काढून वर्गाकडे गेले होते. इथे कारखान्यातून मासिक निघालं, आणि संपादक शंकरराव किर्लोस्करांनी त्याचं असं काही केलं की नांगराशी संबंध नसलेली घरंही ते वाचू लागली. मग पंप आले. ते आजही किर्लोस्करवाडीत बनतात.

शॉ यांच्या वर्गाला पदवीच्या मुलांपर्यंत यायला आणखी बरीच वर्षं लागली. १९५९ साली फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने रॉबर्ट गॉर्डन आणि जेम्स हॉवेल यांनी अमेरिकेतल्या व्यापारशिक्षणाचा जाडजूड अहवाल लिहिला. दर्जा सुमार आहे, असं त्यांनी जवळजवळ तोंडावर सांगितलं. त्यांची एक शिफारस अशी, की शेवटी बिझनेस पॉलिसीचा एक विषय हवा आणि प्रश्न कुठल्या खात्याचा आहे हे मुलांना आधी सांगू नये. विक्री घटली म्हणजे जाहिरात कमी पडली, की मालच वाईट, की उधारी वसूल होत नाही, हे त्यांनीच शोधावं. १९६९ साली एएसीएसबी या मान्यता देणाऱ्या संस्थेने हा विषय सक्तीचा केला. सक्ती आली तशी पुस्तकं आली, प्राध्यापकांच्या जागा आल्या, परिषदा आल्या.

अडचण अशी, की वीस-एकवीस वर्षांच्या पोराने तोवर पानाची टपरीही चालवलेली नसते. त्यावर तोडगा युद्धशाळेतून आला. नौदलाच्या युद्धखेळांवरून अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने १९५७च्या सुमारास संगणकावर खेळायचा धंद्याचा खेळ तयार केला. मुलांचे गट पाडायचे, प्रत्येकाला एक बनावट कंपनी द्यायची, किंमत, उत्पादन, संशोधन यांवर निर्णय घ्यायला लावायचे आणि संगणकाने तिमाहीचा निकाल सांगायचा. आज अमेरिकेतल्या कितीतरी महाविद्यालयांत शेवटचं सत्र अशा खेळावरच जातं. निदान निर्णयाचा परिणाम तरी दिसतो, म्हणून चौकोन भरण्यापेक्षा हा खेळ बरा.

नावही मधल्या काळात बदललं. आल्फ्रेड चँडलर यांचं पुस्तक १९६२चं, इगॉर अन्सॉफ यांचं १९६५चं. त्याच वर्षी हार्वर्डच्या मंडळींचं पाठ्यपुस्तक निघालं, ज्यात कंपनीच्या आतलं बळ आणि बाहेरची संधी समोरासमोर ठेवण्याची रीत पक्की झाली. १९७७ साली पिट्सबर्गला भरलेल्या परिषदेनंतर ‘पॉलिसी’ मागे पडून ‘स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट’ रूढ झालं. १९८०मध्ये मायकेल पोर्टर आले आणि चार चौकोनांच्या जोडीला स्पर्धेची पाच बळं मिळाली.

भारतात ही परंपरा थेट हार्वर्डहून उतरली. अहमदाबादचं आयआयएम १९६१ साली त्यांच्याच सहकार्याने उभं राहिलं आणि केस पद्धत तिथे कायमची रुजली. मुंबईचं जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५चं, त्याचा सांधा स्टॅनफर्डशी. हे सगळं पदव्युत्तर. पदवीच्या पातळीवर मुंबई विद्यापीठाचा बीएमएस नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आला, आणि बीबीए तर आता तालुक्याच्या गावीही मिळतो. २०२४मध्ये हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या कक्षेत आले, महाराष्ट्रात प्रवेशासाठी सीईटी लागली, तेव्हा काही महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून ‘बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज)’ केलं आणि सीईटीतून वाट काढली. बदललेलं नियमन, घटणारे प्रवेश, नव्या नावाने तोच माल. स्ट्रॅटेजीच्या पेपरासाठी यापेक्षा ताजी केस कोणती?

खरं तर जुन्या औंध संस्थानाच्या मुलखात आणि आसपास शॉ यांचा वर्ग आजही भरवता येईल. आटपाडी-विट्याकडची गलाईवाली मंडळी घ्या. दुष्काळाने गाव सोडलेल्या या लोकांनी देशभरच्या सराफ बाजारांत जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करायची दुकानं टाकली. तमिळनाडूत, बंगालात, पंजाबात माणदेशी मराठी बोलणारा गलाईवाला भेटतो. वर्षानुवर्षं त्यांची पत ही कसावर आणि शब्दावर चालली. आता सोन्याचा कस यंत्रावर काही क्षणांत दिसतो, जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्कची सक्ती आली आहे, मोठ्या रिफायनऱ्या उतरल्या आहेत आणि ॲसिडच्या धुरामुळे शहराच्या दाट वस्तीतली भट्टी शेजाऱ्यांना खुपते. जत्रेला गावी आलेल्या एखाद्या गलाईवाल्याला तीन तास वर्गावर बोलावलं, तर मुलांना चौकोन पुरणार नाहीत. भट्टी गावाबाहेर न्यायची, हॉलमार्किंग सेंटर काढायचं, मोठ्या रिफायनरीसाठी माल गोळा करायचा, की दुकान भाच्याच्या हवाली करून आटपाडीत डाळिंब लावायचं. आणि डाळिंब लावलं तर तेल्या रोगाचं काय. यातलं काहीतरी त्याला दुकानाच्या भाड्याचा करार संपायच्या आत ठरवायचं असतं.