नवी बॉडी की नवं इंजिन? आलिशान सेडानच्या स्पर्धेत नेमकं काय ठरवतं

साताऱ्याच्या एखाद्या कारखानदाराने किंवा सांगलीच्या द्राक्ष निर्यातदाराने पाऊण कोटीच्या आसपासची सेडान घ्यायची ठरवली, तर त्याच्यासमोर मुख्यतः तीन नावं येतात. मर्सिडीजची ई-क्लास, बीएमडब्ल्यूची ५ सिरीज आणि ऑडीची ए६. पहिली पुण्याजवळ चाकणला जोडली जाते, दुसरी चेन्नईजवळ, तिसरी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. तिन्ही जर्मन, तिन्ही आरामदायी. मग फरक कुठे पडतो? जाहिरातीत दिवे, पडदे आणि रंगीत लाइटिंग दिसतं. विक्रीचा निकाल मात्र बहुतेक वेळा दोन साध्या प्रश्नांवर लागतो: मागच्या सीटवर पाय किती पसरता येतात, आणि बॉनेटखाली कोणतं इंजिन आहे?

पायांपासून सुरुवात करू. भारतात एवढी महाग सेडान घेणारा माणूस बऱ्याचदा ती स्वतः चालवत नाही, ड्रायव्हर ठेवतो. युरोपात याच गाडीचा मालक स्टिअरिंगवर असतो, म्हणून तिथल्या गाड्या पुढच्या सीटचा विचार करून बनतात. चीनमध्ये आपल्यासारखीच मागे बसण्याची पद्धत आहे. जर्मन कंपन्यांनी चीनसाठी याच गाड्या लांब करून विकल्या. गाडी लांब करणं म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, वाढवणं. वाढलेली जवळजवळ सगळी जागा मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांपुढे येते.

मर्सिडीजने २०१७ मध्ये हीच लांब ई-क्लास उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह भारतात आणली. साध्या ई-क्लासचा व्हीलबेस २,९३९ मिलिमीटर होता, हिचा ३,०७९. फरक १४ सेंटिमीटरचा, म्हणजे वीतभरही नाही. पण बसल्याबरोबर तो कळतो. पुढची सात वर्षं या वर्गात मागच्या सीटच्या बाबतीत तिच्याशी थेट स्पर्धा करणारी गाडी नव्हती. बीएमडब्ल्यूने २०२४ च्या जुलैमध्ये लांब ५ सिरीज आणली, व्हीलबेस ३,१०५ मिलिमीटर. तीन महिन्यांत मर्सिडीजची नवी लांब ई-क्लास आली, ३,०९४ मिलिमीटरची. ऑडी चीनमध्ये कितीतरी वर्षं लांब ए६ विकते आहे, पण भारतात २०१९ मध्ये आलेली ए६ मात्र २,९२४ मिलिमीटरचीच राहिली. रीडिझाइन म्हणजे फक्त नवा चेहरा नव्हे, ते असं. जाळी आणि दिवे बदलले तर वर्षभर कौतुक होतं. सीट बदलली तर गिऱ्हाईक बदलतं.

इंजिनाचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. लांब ५ सिरीज बाजारात आली तेव्हा फक्त पेट्रोलमध्ये होती: दोन लिटर, २५८ हॉर्सपॉवर, शोरूम किंमत ७२.९० लाख. ई-क्लासमध्ये पेट्रोलचं ई २०० हे मॉडेल ७८.५० लाखांना आणि डिझेलचं ई २२० डी ८१.५० लाखांना आलं. ए६ पेट्रोलच. म्हणजे ज्याला डिझेलच हवी, त्याच्यासाठी तीनातली दोन नावं आपोआप गळतात.

डिझेल का हवी असते? कागदावर ई २०० ची ताकद २०४ हॉर्सपॉवर आणि ई २२० डी ची १९७, म्हणजे पेट्रोलच वरचढ. पण टॉर्क पाहा. टॉर्क म्हणजे चाक फिरवण्याचा जोर. तो पेट्रोलमध्ये ३२० न्यूटन मीटर आहे, डिझेलमध्ये ४४०. डिझेलचा हा जोर इंजिन फारसं न ओरडता, कमी फेऱ्यांवर मिळतो. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर उसाच्या किंवा सिमेंटच्या ट्रकला ओलांडायचं असतं, तेव्हा नेमका हाच जोर लागतो. मुंबईत वरळी ते वांद्रे करणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याला पेट्रोलचा शांतपणा जास्त आवडेल.

पैशांचा हिशेब मात्र लोक समजतात तितका सरळ नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या खाजगी पेट्रोल गाडीला एकरकमी १३ टक्के रस्ता कर लागतो, डिझेलला १५ टक्के. वरच्या किमती धरल्या तर पेट्रोल ई-क्लासचा कर सुमारे १०.२ लाख, डिझेलचा १२.२ लाख. किमतीतले तीन लाख आणि करातले दोन मिळून डिझेल पाच लाखांनी महाग पडते. समजा पेट्रोल गाडी लिटरला ११ किलोमीटरचं ॲव्हरेज देते आणि डिझेल १६ चं. पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये धरलं, तर किलोमीटरमागे साधारण पावणेचार रुपये वाचतात. पाच लाख भरून निघायला सुमारे एक लाख तेहतीस हजार किलोमीटर चालवावं लागेल.

सांगली ते पुणे जाऊन-येऊन साधारण ४६० किलोमीटर. दर आठवड्याला एक फेरी करणाऱ्याला हा फरक साडेपाच वर्षांत वसूल होईल. महिन्यात दोनच फेऱ्या आणि थोडं गावातलं फिरणं असेल, तर दहा-अकरा वर्षं लागतील. तोवर बहुतेक जण गाडी बदलतात. साताऱ्याहून पुणं ११० किलोमीटरच्या आसपास, तिथे हिशेब आणखी लांबतो. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर कर इंधन कोणतंही असो २० टक्के, त्यामुळे तिथे फरक फक्त किमतीचा आणि तिच्यावरच्या कराचा. एवढं असूनही लोक डिझेल मागतात, कारण हिशेबापेक्षा सवय जुनी आहे. या पट्ट्यात इंजिन म्हणजे डिझेलच. साताऱ्याचं कूपर आणि सांगली जिल्ह्यातलं किर्लोस्करवाडी या नावांनी शेतकऱ्याला यंत्राची ओळख करून दिली, आणि आज फलटणला कमिन्सचा मोठा कारखाना उभा आहे.

नवी बॉडी, जुनं इंजिन

बॉडी आणि इंजिन यांपैकी एकच बदललं तर काय होतं, याचा धडा आपल्याकडे चाळीस वर्षांपूर्वी मिळाला होता. १९८४-८५ च्या सुमारास अँबॅसडर आणि पद्मिनीला कंटाळलेल्या श्रीमंत गिऱ्हाइकासाठी तीन ‘मोठ्या’ सेडान आल्या.

पहिली हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा. बॉडी ब्रिटनच्या व्हॉक्सहॉलची, रुंद आणि दिमाखदार. इंजिन मात्र अँबॅसडरच्या घराण्यातलं, दीड लिटरचं, जेमतेम ५० हॉर्सपॉवर. पहिलवानाच्या अंगात पोराचा जीव. दुसरी मद्रासची स्टँडर्ड २०००. तिची बॉडी ब्रिटिश रोव्हरची होती, जिला युरोपात १९७७ चा ‘कार ऑफ द इयर’ किताब मिळाला होता. तिकडे त्या गाडीत साडेतीन लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन मिळायचं. इकडे बसवलं गेलं दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, ज्याची मुळं १९४० च्या दशकातल्या स्टँडर्ड व्हॅनगार्डमध्ये होती. किंमत आलिशान, चाल जुनाट. ही गाडी तीन-चार वर्षांत संपली.

तिसरी आपल्या मुंबईची. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्यातल्या कारखान्यातून ११८ एनई बाहेर पडली. सांगलीचं वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज ज्यांच्या नावाचं, तेच हे वालचंद. प्रीमियरने इतर दोघांच्या नेमकं उलट केलं. बॉडी घेतली १९६६ च्या फियाट १२४ ची, म्हणजे वीस वर्षं जुनी, आणि आत बसवलं निसानचं १,१७१ सीसीचं जपानी इंजिन आणि गिअरबॉक्स. नावातलं ‘एनई’ म्हणजे निसान इंजिन. ताकद ५२ हॉर्सपॉवर, काँटेसाएवढीच. पण गाडी हलकी, त्यामुळे ती पळायची. चौकोनी डब्यासारखं रूप असूनही तिला अनेक वर्षं गिऱ्हाईक मिळालं.

काँटेसाने पुढे चूक सुधारली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिच्यात इसुझुचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले, मग इसुझुचंच दोन लिटरचं डिझेल. बॉडी तीच राहिली, पण गाडीची प्रतिष्ठा बदलली. ती २००२ पर्यंत बनत राहिली. आज जुन्या गाड्यांचे शौकीन काँटेसा शोधतात तेव्हा इसुझुवाली आहे का, हे आधी विचारतात.

याहून स्वच्छ प्रयोग मारुतीने केला, अर्थात नकळत. १९९० मध्ये आलेली मारुती १००० दिसायला त्या वेळच्या भारतात सगळ्यात आधुनिक सेडान होती. इंजिन ९७० सीसीचं. एसी लावला की चढावर दम लागायचा. १९९४ मध्ये त्याच बॉडीत १.३ लिटरचं इंजिन बसवून तिचं नाव एस्टीम ठेवलं, आणि तीच गाडी पुढे कितीतरी वर्षं मध्यमवर्गाच्या वरच्या पायरीची खूण बनून राहिली.

पुण्याची पहिली मर्सिडीज

उलट बाजूचा धडाही महाराष्ट्रातलाच. कारनिर्मितीवरचा परवाना १९९३ मध्ये गेला. १९९४ मध्ये मर्सिडीजने टेल्कोबरोबर भागीदारी केली आणि १९९५ मध्ये पिंपरीच्या कारखान्यातून ई-क्लास बाहेर पडू लागली. इंजिनं उत्तम होती, मजबुतीबद्दल प्रश्नच नव्हता. अडचण एकच: ते डब्ल्यू १२४ हे जुनं मॉडेल होतं, आणि त्याच वर्षी युरोपात चार गोल दिव्यांची नवी ई-क्लास आली. ज्याला एवढी गाडी परवडते तो परदेशी जाणारा माणूस असतो, त्याला हे लगेच कळलं. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि थोड्याच वर्षांत कंपनीला नवं मॉडेल इथे आणावं लागलं. महाग गाडीच्या गिऱ्हाइकाला शिळं वाढलेलं चालत नाही, ताट कितीही चांदीचं असलं तरी.

सरकार इंजिन निवडतं तेव्हा

इंजिनाची निवड फक्त कंपनीच्या हातात असते, असंही नाही. शेंद्र्याला जोडलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियाने २००० नंतरच्या दशकात १.९ लिटरच्या डिझेल इंजिनावर नाव कमावलं. तोवर डिझेल म्हणजे जीप आणि टॅक्सी, असा समज होता. डिझेल तेव्हा सरकारी सवलतीमुळे पेट्रोलपेक्षा खूप स्वस्त होतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर बाजारावर सोडले आणि दरी अरुंद झाली. १६ डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. त्या वेळच्या डिझेल ई-क्लासमधलं लहान इंजिन २,१४३ सीसीचं होतं. १४३ सीसीमुळे गाडी दिल्लीच्या बाजारातून बाहेर. महिंद्राने महिनाभरात स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही ५०० साठी १,९९० सीसीचं इंजिन काढलं. ऑगस्ट २०१६ मध्ये एक टक्का पर्यावरण शुल्क लावून बंदी उठली. नव्या ई २२० डी चं इंजिन १,९९३ सीसीचं आहे. ते युरोपात या बंदीसाठी बनलेलं नाही, पण इथे ते बरोबर रेषेच्या आत बसलं.

मग १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ चे नियम आले. डिझेलचा धूर त्या मर्यादेत आणायला महागडी यंत्रणा लागते. ऑडी आणि स्कोडा-फोक्सवॅगनने भारतात डिझेल सोडून दिलं. ज्या स्कोडाची ओळखच डिझेलने झाली, तिने ते सोडलं. मर्सिडीजने ठेवलं, आणि आज लांब पल्ल्याच्या गिऱ्हाइकासमोर तिचा तो हुकमी पत्ता आहे.

विजेच्या गाड्यांनी जुनाच प्रश्न पुन्हा मांडला आहे. मर्सिडीजने इलेक्ट्रिक ईक्यूएस ही एस-क्लासपेक्षा पूर्ण वेगळ्या, थेंबासारख्या बॉडीत आणली आणि २०२२ मध्ये चाकणलाच तिची जोडणी सुरू केली. एका चार्जवर ८५७ किलोमीटरचा प्रमाणित पल्ला, म्हणजे प्रत्यक्षात बराच कमी मिळाला तरी सांगली-पुणे-सांगली निर्धास्त. पण एस-क्लासचा जो भारदस्त बॉनेट लोकांना हवा असतो, तो हिला नाही. बीएमडब्ल्यूने आय ७ साठी ७ सिरीजचीच बॉडी ठेवली आणि फक्त आतली ताकद बदलली. गिऱ्हाइकाला नवं काही समजून घ्यावं लागलं नाही. करही विजेच्या बाजूने आहे: सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर जीएसटी ४० टक्के, इलेक्ट्रिकवर ५ टक्के.

सेडानची एक अडचण मात्र कोणत्याच इंजिनाने सुटत नाही. व्हीलबेस जितका लांब, तितकं मधलं पोट उंच गतिरोधकावर घासण्याची शक्यता जास्त. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळणारा रस्ता वर्षानुवर्षं खड्ड्यांसाठी प्रसिद्ध होता, आणि मळ्यापर्यंत जाणारे रस्ते तर सेडानसाठी बनलेलेच नाहीत. म्हणून पाऊण कोटी हातात असलेला इथला गिऱ्हाईक तीन सेडान बघून झाल्यावर त्याच शोरूममधल्या उंच एसयूव्हीपाशी जाऊन थांबतो, आणि कंपन्यांची खरी स्पर्धा आता तिच्याशी आहे.