संकेतस्थळाच्या बॅकअप फायली : नामकरण व मांडणी

संकेतस्थळाच्या फायली आणि डेटाबेस यांच्या राखीव प्रतींना नावे देण्याची व त्या लावून ठेवण्याची पद्धत. बॅकअपची गरज बहुधा स्थळ बंद पडल्यावर, घाईच्या वेळी लागते आणि तो परत बसवणारी व्यक्ती तो घेणारीच असेल असे नाही. प्रत कोणत्या स्थळाची, कोणत्या भागाची व केव्हाची, हे फाइल न उघडता कळावे, हा या पद्धतीचा मूळ उद्देश होय.

घटक : वर्डप्रेससारख्या प्रणालीत लेख व प्रतिक्रिया डेटाबेसात असतात, चित्रे, थीम व प्लगइन ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ या फोल्डरात असतात. डेटाबेसची प्रत मायएसक्यूएल-डंप किंवा पीजी-डंप या आज्ञांनी काढतात; फायली टार वा झिप स्वरूपात बांधतात. दोन्ही प्रती एकाच वेळच्या असाव्या लागतात. गुरुवारचा डेटाबेस सोमवारच्या फायलींशी जोडला, तर मधल्या दिवसांतले लेख दिसतात, पण त्यांतली चित्रे सापडत नाहीत. म्हणून जोडीच्या फायलींवर एकच कालमुद्रा घालतात. अपड्राफ्टप्लस हे प्लगइन एका संचातल्या सर्व फायलींना तीच तारीख, वेळ व ओळखखूण देते आणि शेवटी भागाचे नाव जोडते.

नावाची रचना : स्थळाचे नाव, भाग, तारीख-वेळ आणि विस्तार हा सर्वसाधारण क्रम आहे. गिटलॅबच्या बॅकअपच्या नावात प्रणालीची आवृत्तीही येते, कारण ती प्रत त्याच आवृत्तीवर बसवावी लागते. ‘नवीन’, ‘फायनल’ असे शब्द पुढची प्रत घेताच निरर्थक होतात. लिनक्सवर लहान व मोठी रोमन अक्षरे वेगळी धरली जातात, विंडोजवर सहसा नाहीत. त्यामुळे सर्व अक्षरे लहान ठेवणे सुरक्षित असते.

तारीख व वेळ : आयएसओ ८६०१ या मानकात (१९८८) वर्ष, महिना, दिवस असा क्रम आहे. या क्रमाने लिहिलेली नावे अक्षरानुक्रमे लावली की कालानुक्रमेही लागतात, मात्र एक अंकी महिना व दिवस यांच्या आधी शून्य हवे. दिवस आधी लिहिल्यास ०१-०२-२०२४ ही फाइल ३१-०१-२०२४ च्या आधी येते. सीपॅनेलच्या पूर्ण बॅकअपच्या नावात महिना, दिवस, वर्ष असा अमेरिकी क्रम असल्याने वर्ष बदलताच यादी विस्कटते. वेळेतला अपूर्णविराम विंडोज फाइलनावात स्वीकारत नाही, म्हणून तास, मिनिटे व सेकंद सलग लिहितात. सर्व्हरचे घड्याळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेवर चालते. १५ मार्चला पहाटे दोन वाजता भारतात घेतलेली प्रत त्या घड्याळानुसार १४ मार्चची, रात्री साडेआठची ठरते. कोणती वेळ वापरली हे नावात किंवा सोबतच्या टिपेत नोंदवलेले असावे.

लिपी : देवनागरीत नाव देता येते, पण त्यात दोन अडचणी आहेत. लिनक्सच्या एक्स्ट४ या फाइलव्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटची आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे मात्रा व हलन्त धरून ८५ चिन्हेच बसतात. दुसरी अडचण मराठीला विशेष जाणवते. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो, तसाच ‘र’ व नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था अशी अक्षरे सुटी करून साठवत असे. लिनक्स मिळालेले बाइट तसेच ठेवते. परिणामी पडद्यावर सारखीच दिसणारी दोन नावे यंत्राला भिन्न वाटतात, शोध चुकतो आणि एकाच प्रतीच्या दोन फायली होतात. या कारणाने मराठी स्थळांच्या बॅकअपनाही रोमन अक्षरे, अंक व जोडरेघ एवढ्यांतच नाव देण्याचा प्रघात आहे.

मांडणी व आवर्तन : आधी स्थळानुसार व मग तारखेनुसार फोल्डर करावेत की उलट, याबाबत एकमत नाही. अनेक स्थळे सांभाळणाऱ्यांना पहिली पद्धत सोयीची वाटते. आजोबा-पिता-पुत्र या आवर्तनात रोजच्या, आठवड्याच्या व महिन्याच्या प्रती वेगळ्या फोल्डरांत ठेवून जुन्या ठरावीक मुदतीने काढतात. आरस्नॅपशॉट हे साधन प्रतींना क्रमांक देते आणि दर फेरीत ते पुढे सरकवते. तेथे शून्य क्रमांकाची प्रत सर्वांत ताजी असते, तीच पुढच्या फेरीत एक होते. त्यामुळे एखाद्या विशिष्ट दिवसाची प्रत केवळ क्रमांकाने सांगता येत नाही.

सुरक्षितता : बॅकअप सार्वजनिक फोल्डरात ठेवू नये. पीएचपी फायलीच्या शेवटी ‘बॅक’ हा विस्तार जोडला, की सर्व्हर सहसा ती चालवत नाही, मजकूर म्हणून जशीच्या तशी पाठवतो. वर्डप्रेसच्या कॉन्फिग फायलीतला डेटाबेसचा पासवर्ड असा उघडा पडू शकतो.

पडताळणी : नाव बरोबर असले तरी फाइल निरोगी असेलच असे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या मुख्य डेटाबेसातली माहिती चुकून पुसली गेली, तेव्हा पीजी-डंपच्या आवृत्तीतील तफावतीमुळे नेहमीचे बॅकअप तयारच होत नव्हते, हे उघड झाले. म्हणून प्रत्येक फायलीचा आकार व शा-२५६ बेरीज सूचीत नोंदवतात, आणि प्रत चाचणी-सर्व्हरवर बसवून पाहिल्याची तारीखही तिथेच लिहितात.