विणकरणीचं आडनाव

‘वेबस्टर’ हे इंग्रजी आडनाव. मुळात त्याचा अर्थ कापड विणणारी बाई. जुन्या इंग्रजीत ‘स्टर’ हा शेवट बाईच्या कामाला लागे. तसंच बॅक्स्टर म्हणजे पाव भाजणारी. पुढे पुरुष विणकरांनाही वेबस्टर म्हणू लागले. आडनाव बापाकडून मुलाकडे गेलं, त्यातली बाई विसरली. अमेरिकेत १८२८ साली मोठा शब्दकोश काढणारे नोआ वेबस्टर याच आडनावाचे.

‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी. सतराव्या शतकापासून कायद्याच्या कागदावर त्याचा अर्थ झाला, बिनलग्नाची! इंग्लंडच्या लग्ननोंदीतून हा शब्द २००५ साली निघाला.

बायांनो, आपल्या कागदांवर आपलं काम कोणत्या शब्दात लिहिलंय, तेही एकदा वाचून बघा.